महाविद्यालयीन खेळांची प्रसिद्धी आणि तिचा वाचक

माजिवड्याच्या नाक्यावर मुंबईहून येणारा पूर्व द्रुतगती महामार्ग, नाशिककडे जाणारा रस्ता आणि घोडबंदरचा रस्ता एकत्र येतात. एवढ्या रहदारीची जागा जाहिरातदाराच्या नजरेतून सुटणे शक्यच नाही. दहीहंडी, कबड्डीचे सामने, टेनिस चेंडूच्या क्रिकेटचे चषक यांचे फलक या परिसरात वेळोवेळी लागतात. त्यांवर खेळाडूंपेक्षा पुरस्कर्त्यांचे चेहरे मोठे असतात, हा भाग वेगळा. मुंबई विद्यापीठाचा बाळकूम येथील उपपरिसर येथून जवळच आहे आणि ठाण्यापासून कल्याणपर्यंत महाविद्यालयांची संख्याही थोडी नाही. तथापि एखाद्या महाविद्यालयाचा संघ अमुक दिवशी अमुक मैदानावर खेळणार आहे, प्रेक्षकांनी यावे, अशी सूचना या वाटेने जाणाऱ्याच्या दृष्टीस क्वचितच पडते. महाविद्यालयांच्या संकेतस्थळांवर व समाजमाध्यमांतील खात्यांवर मात्र खेळांविषयीचा मजकूर विपुल आढळतो. हा मजकूर कोणासाठी लिहिला जातो, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या विषयावरील ग्रंथ व लेख बहुतांशी अमेरिकेतील अनुभवावर आधारलेले आहेत. आपल्याकडील पदव्युत्तर विद्यार्थी प्रबंधिकेसाठी हा विषय निवडतो, तेव्हा तिकडील प्रश्नावली उचलून ती इकडील महाविद्यालयांस लावण्याचा मोह त्यास होतो. म्हणून प्रथम तिकडील व्यवस्था कोणत्या पायावर उभी आहे, हे पाहणे इष्ट ठरेल.

अमेरिकेत आंतरमहाविद्यालयीन फुटबॉलचा पहिला सामना १८६९ साली रटगर्स आणि प्रिन्स्टन यांच्यात झाला असे मानतात. तेव्हापासून तेथे महाविद्यालयाचा खेळ हा प्रेक्षकांचा खेळ बनत गेला. माजी विद्यार्थी, गावकरी आणि देणगीदार यांचे मोठे समुदाय संघामागे उभे राहिले, तिकिटे विकली जाऊ लागली, आणि १९८४ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने दूरचित्रवाणीच्या हक्कांवरील मध्यवर्ती संस्थेची मक्तेदारी मोडल्यावर त्या हक्कांतून येणारे उत्पन्न अफाट वाढले. संघाची माहिती वृत्तपत्रांस पुरविणारा ‘क्रीडा माहिती संचालक’ हा स्वतंत्र अधिकारी तेथे फार पूर्वीपासून आहे. अशा अधिकाऱ्यांची राष्ट्रीय संघटना १९५७ साली स्थापन झाली. संकेतस्थळे अवतरली तेव्हा ती याच अधिकाऱ्याच्या हाती गेली. त्याने सामन्यांचे वेळापत्रक, खेळाडूंची ओळख, आकडेवारी, तिकीटविक्री, संघाच्या नावाचे कपडे आणि देणगीचा अर्ज ही सारी सामग्री एका ठिकाणी मांडली. पुढे फेसबुक (२००४), ट्विटर (२००६) आणि इन्स्टाग्राम (२०१०) ही माध्यमे आली, तेव्हा त्यांच्याकडे निराळे काम सोपविण्यात आले. आपल्या परिभाषेत सांगावयाचे तर संकेतस्थळ हे दुकान झाले आणि समाजमाध्यम ही दवंडी झाली. दवंडी ऐकून ग्राहकाने दुकानात यावे, अशी ही रचना होय. दवंडीची भाषा आटोपशीर, चित्रमय आणि क्षणिक असते. दुकानातील माल मात्र नीट लावून ठेवलेला असतो. या दोहोंच्या मेळातूनच तेथील विपणन यशस्वी होते, आणि त्याचे यश तिकिटे, देणग्या व नवे खेळाडू यांच्या संख्येवरून मोजता येते.

आता आपल्याकडील स्थिती पाहू. येथे महाविद्यालयाच्या संघाचा खर्च प्रेक्षकांच्या तिकिटांतून निघत नाही. तो प्रत्येक विद्यार्थ्याने प्रवेशाच्या वेळी भरलेल्या जिमखाना शुल्कातून, संस्थेच्या निधीतून आणि क्वचित अनुदानातून निघतो. विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा पुष्कळदा भर दुपारी, तासिका चालू असताना होतात. मैदानाभोवती दोन्ही संघांचे राखीव खेळाडू, शारीरिक शिक्षण संचालक आणि दहा-पाच मित्र यांपलीकडे कोणी नसते. प्रेक्षक न आल्याने कोणाचे नुकसान होत नाही, म्हणून प्रेक्षकास बोलाविण्याची निकडही कोणास भासत नाही. अमेरिकन प्रश्नावली येथे निरुपयोगी ठरते ती याच कारणाने. ‘संकेतस्थळामुळे प्रेक्षकसंख्या किती वाढली?’ असा प्रश्न ज्यांस प्रेक्षकच नकोत त्यांस विचारून काय साधणार?

याचा अर्थ आपल्याकडे खेळांची प्रसिद्धी नव्हती असा मात्र नव्हे. महाविद्यालयाच्या वार्षिक नियतकालिकात ‘जिमखाना अहवाल’ नावाचे प्रकरण असे. संघाचे छायाचित्र, मधोमध खुर्चीवर प्राचार्य, त्यांच्या दोहो बाजूंस प्राध्यापक, मागे उभे खेळाडू, खाली नावांची ओळ आणि मग वर्षभरातील विजयांची यादी, असे त्याचे ठरीव रूप होते. या अहवालाचा वाचक निश्चित होता. ज्यांची नावे त्यात आली ते आणि ज्यांची यावयास हवी होती पण आली नाहीत ते, असे दोन वर्ग तो अहवाल काळजीपूर्वक वाचीत.

दुसरे साधन वृत्तपत्राचे होते, आणि मुंबईत ते विलक्षण प्रभावी ठरले. गाइल्स ढाल व हॅरिस ढाल या शालेय क्रिकेट स्पर्धांचे निकाल येथील वृत्तपत्रे छापीत आली. शारदाश्रम विद्यामंदिर हे दादरच्या एका शाळेचे नाव देशभर पोहोचले ते कोणत्याही जाहिरातीमुळे नव्हे, तर १९८८ सालच्या हॅरिस ढालीच्या उपांत्य सामन्यात सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची अभेद्य भागी केल्यामुळे. पण याच वृत्तपत्रीय प्रसिद्धीची दुसरी बाजू तेंडुलकर यांनी २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मचरित्रात नमूद केली आहे. तीस धावा केल्याखेरीज खेळाडूचे नाव वृत्तपत्रात छापले जात नसे. एका सामन्यात त्यांच्या २४ धावा झाल्या असता गुणलेखकाने अवांतर धावांपैकी सहा त्यांच्या नावावर मांडण्याची तयारी दर्शविली, आणि बालवयातील तेंडुलकर यांनी ती मान्य केली. दुसऱ्या दिवशी नाव छापून आले. रमाकांत आचरेकर यांनी मात्र शिष्याची चांगलीच कानउघाडणी केली. आमच्या विषयाच्या दृष्टीने ही हकीगत मोलाची आहे. प्रसिद्धीचा एखादा नियम ठरला की तो मैदानावरील नोंदवहीपर्यंत कसा झिरपतो, याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण.

संकेतस्थळांच्या काळात असाच एक नियम निराळ्या दिशेने आला. राष्ट्रीय मूल्यांकन व प्रत्यायन परिषद, म्हणजे रूढ भाषेत ‘नॅक’, हिची स्थापना १९९४ साली झाली. पण महाविद्यालयांच्या संकेतस्थळांस आजचे रूप दिले ते तिने २०१७ साली अंमलात आणलेल्या सुधारित आराखड्याने. या आराखड्यात बरेचसे मूल्यमापन आकड्यांवर आधारलेले होते आणि प्रत्येक आकड्यास कागदोपत्री आधार देणे आवश्यक होते. विद्यार्थिसाह्य व प्रगती या पाचव्या निकषात क्रीडा व सांस्कृतिक क्षेत्रांत विद्यापीठ, राज्य, राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय पातळीवर मिळालेल्या पारितोषिकांची संख्या विचारली जाई. सांघिक स्पर्धेतील पारितोषिक एकच धरले जाई. या आकड्यांच्या पुष्ट्यर्थ प्रमाणपत्रांच्या प्रती संकेतस्थळावर ठेवून त्यांचे दुवे परिषदेस कळविण्याची रीत पडली.

ज्यांनी ही पाने पाहिली आहेत त्यांस पुढील वर्णन ओळखीचे वाटेल. ‘क्रीडा विभाग’ या शीर्षकाखाली सुविधांची यादी असते. तिच्याखाली पाच वर्षांचा तक्ता असतो. तक्त्यातील प्रत्येक ओळीपुढे एक दुवा असतो, आणि तो उघडला असता तिरके छायांकित केलेले, शिक्के मारलेले प्रमाणपत्र समोर येते. सामन्याचे वेळापत्रक सापडत नाही. धावफलक वा गुणफलक सापडत नाही. अंतिम सामन्यात एका गुणाने हरलेल्या संघाचा उल्लेख बहुधा सापडत नाही, कारण हरलेल्या सामन्यास आकड्यांत स्थान नाही. कबड्डीच्या संघातील बारा मुलींनी मिळविलेला चषक एका ओळीत संपतो, तर वैयक्तिक स्पर्धेत तीन पदके मिळविणारा एकच जलतरणपटू तीन ओळी व्यापतो. हे पान वाचणारा मनुष्य मैदानावर येणारा नाही. तो पडताळणी करणारा आहे. आमच्याकडील संकेतस्थळ हे दुकान नसून दप्तर आहे, असे म्हणावयास हरकत नाही. श्रेणी देण्याऐवजी संस्था प्रत्यायित आहे वा नाही एवढेच सांगणारी पद्धत आणण्याचे २०२४ साली जाहीर झाले. परंतु आज दिसणारी पाने जुन्या साच्यात घडलेली आहेत आणि साचा मोडला तरी त्यातून निघालेल्या मूर्ती तशाच राहतात.

दप्तर असणे हा दोष आहे असे आम्ही मानीत नाही. जिमखाना अहवालापेक्षा ते अधिक विश्वसनीय आहे. त्यात नाव, दिनांक व पुरावा असतो. मात्र दप्तरास विपणन म्हणणे आणि त्याची तुलना अमेरिकेतील विद्यापीठांच्या दुकानांशी करणे ही गल्लत होय.

मग दवंडीचे काय? समाजमाध्यमांतील खाती बहुधा विद्यार्थीच चालवितात. जिमखान्याचा विद्यार्थी सचिव किंवा छायाचित्रणाची आवड असलेला एखादा मुलगा सामन्याच्या दिवशी चार छायाचित्रे व एक रील टाकतो. संघातील मुले ती आपल्या खात्यांवर पुढे पाठवितात. तिचा वाचक म्हणजे ती मुले स्वतः, त्यांचे वर्गमित्र आणि घरची माणसे. या लहानशा वर्तुळात तिचा परिणाम खरा असतो, हे नाकारता येणार नाही. ज्या मुलीचे कबड्डी खेळणे घरी पसंत नाही तिच्या घरच्यांस, महाविद्यालयाने तिच्याबद्दल जाहीरपणे चार चांगले शब्द लिहिले आहेत, हे दिसते. आणि अशा दोन ओळींनी पुढील वर्षाची परवानगी मिळू शकते. परंतु पदवी घेऊन सचिव बाहेर पडला की खात्याची किल्लीही त्याच्याबरोबर जाण्याचा धोका असतो, आणि नवा सचिव नवे खाते उघडतो. एकाच महाविद्यालयाच्या जिमखान्याची दोन-तीन ओसाड खाती आढळतात ती यामुळे. सामन्याची बातमी येते ती निकालानंतर. आधी येते ती व्हॉट्सॲपवरील संघाच्या गटात, आणि तो गट बाहेरच्यास बंद असतो.

येथे कोणी म्हणेल की स्थानिक खेळास प्रेक्षकच नाही, तर बोलावणार कोणास? या आक्षेपाचे उत्तर याच परिसरात मिळते. ठाणे, पालघर व रायगड या भागांत टेनिस चेंडूच्या क्रिकेटचे सामने यूट्यूबवरून थेट दाखविण्याचा व्यवसाय गेल्या दशकात रुजला. गावच्या मैदानावर एक-दोन कॅमेरे, मराठीत ओघवते समालोचन, पडद्याच्या कोपऱ्यात धावसंख्या आणि खाली स्थानिक दुकानदारांच्या जाहिराती, एवढ्या सामग्रीवर हे सामने दूरवरचे लोक पाहू लागले. कोणत्याही महाविद्यालयाच्या वा विद्यापीठाच्या मदतीवाचून हा प्रेक्षक तयार झाला. मार्च २०२४ मध्ये ‘इंडियन स्ट्रीट प्रीमियर लीग’ ही टेनिस चेंडूवरील व्यावसायिक स्पर्धा प्रथम भरली, ती ठाण्याच्या दादोजी कोंडदेव क्रीडाप्रेक्षागृहातच. कबड्डीचेही असेच आहे. आगरी-कोळी वस्त्यांतून मातीवर खेळला जाणारा हा खेळ २०१४ साली प्रो कबड्डीच्या रूपाने दूरचित्रवाणीवर आला आणि पहिल्याच वर्षी त्यास प्रचंड प्रेक्षक लाभला. म्हणजे प्रेक्षक आहे, साधने स्वस्त आहेत आणि समालोचन करणारी वाणीही आहे. केवळ महाविद्यालयास त्या प्रेक्षकाची गरज नाही.

गरज नसताना प्रसिद्धी अकस्मात अंगावर आली म्हणजे काय घडते, हे कल्याणने २०१६ साली पाहिले. प्रकरण शाळेचे आहे, महाविद्यालयाचे नव्हे. तथापि आमच्या प्रश्नावर प्रकाश टाकणारे याहून समीपचे उदाहरण नाही. भंडारी चषकाच्या आंतरशालेय सामन्यात के. सी. गांधी शाळेकडून खेळताना प्रणव धनावडे या पंधरा वर्षांच्या यष्टिरक्षक-फलंदाजाने ४ जानेवारी रोजी दिवसअखेर नाबाद ६५२ धावा केल्या आणि ए. ई. जे. कॉलिन्स याचा १८९९ सालचा नाबाद ६२८ धावांचा विक्रम मोडला. बातमी त्या रात्रीतच जगभर गेली. दुसऱ्या दिवशी कॅमेरे घेऊन वार्ताहर मैदानाभोवती उभे होते, आणि त्यांच्यादेखत त्याने हजारावी धाव काढली. डाव घोषित झाला तेव्हा तो १००९ धावांवर नाबाद होता व संघाची धावसंख्या ३ बाद १४६५ होती.

यात लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, समाजमाध्यमातून प्रवास केला तो एका संख्येने. मैदानाची एक बाजू किती आखूड होती, प्रतिस्पर्धी संघातील कित्येक मुले किती लहान व नवखी होती, हे तपशील वृत्तपत्रांतून आले. पण ते संख्येच्या मागून, धीम्या गतीने आले. दवंडीस तपशील पेलत नाही, तो तिचा धर्मच नव्हे. तपशील सांभाळावयाचा तो दुकानाने वा दप्तराने. मुंबई क्रिकेट असोसिएशनने या मुलास पाच वर्षांसाठी दरमहा दहा हजार रुपयांची शिष्यवृत्ती जाहीर केली. सचिन तेंडुलकर यांनी आपली बॅट भेट दिली. त्यानंतर त्याच्या प्रत्येक डावाकडे त्या १००९ च्या मापाने पाहिले जाऊ लागले. त्याचा खेळ उतरला, आणि २०१७ साली, अपेक्षेप्रमाणे कामगिरी होत नसल्याने शिष्यवृत्ती थांबवावी, असे त्याच्या वडिलांनी असोसिएशनला कळविले. वडील रिक्षाचालक होते, ही गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे त्या पत्राचे वजन कळते. या सर्व प्रकारात कोणी वाईट हेतूने वागले असे दिसत नाही. तरीही प्रसिद्धीचे व्याज पंधरा वर्षांच्या मुलाने फेडले. ज्यांनी ती संख्या पुढे पाठविली त्यांस काहीच फेडावे लागले नाही.

अलीकडे आपल्या देशात महाविद्यालयीन खेळाडूच्या नावाचे मूल्य ओळखणाऱ्या संस्थाही पुढे आल्या आहेत, आणि त्या बहुतांशी खाजगी विद्यापीठे आहेत. २०२१ साली टोकियो येथे नीरज चोप्रा याने भालाफेकीत सुवर्णपदक मिळविल्यावर पंजाबातील लव्हली प्रोफेशनल विद्यापीठाने तो आपला विद्यार्थी असल्याचा मोठा गाजावाजा केला आणि त्यास पन्नास लाखांचे पारितोषिक जाहीर केले. २०२० पासून सुरू झालेल्या खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धांनी अशा संस्थांस आणखी एक व्यासपीठ दिले. २०२२ साली बंगळुरात झालेल्या दुसऱ्या स्पर्धेत यजमान जैन विद्यापीठच पदकतालिकेत पहिले आले. येथे वाचक पुन्हा बदलतो. हा वाचक प्रवेशाच्या शोधात असलेला बारावीचा विद्यार्थी व त्याचा पालक आहे. खेळाडू हा येथे विक्रीचा माल नव्हे हे खरे. तो दुकानावरची पाटी आहे. ठाणे-कल्याणमधील संस्थाही उद्या या मार्गाने जाणार नाहीत, असे मानण्यास आधार नाही.

पाटीवर ज्याचा चेहरा रंगविला त्याचा त्या चेहऱ्यावर काही हक्क उरतो काय? अमेरिकेत हा प्रश्न दीर्घकाळ न्यायालयांत लढला गेला. स्वतःचे नाव व प्रतिमा यांपासून उत्पन्न घेण्याची मुभा तेथील महाविद्यालयीन खेळाडूंस १ जुलै २०२१ पासून मिळाली, आणि जून २०२५ मध्ये मंजूर झालेल्या तडजोडीनुसार प्रत्येक विद्यापीठास २०२५-२६ या वर्षी सुमारे दोन कोटी पाच लक्ष डॉलरपर्यंत रक्कम थेट खेळाडूंत वाटण्याची परवानगी मिळाली. आपल्याकडे प्रश्न उत्पन्नाचा नाही, संमतीचा आहे. आपल्या महाविद्यालयांस कनिष्ठ महाविद्यालये जोडलेली असतात आणि अकरावी-बारावीचे पुष्कळसे खेळाडू अठरा वर्षांखालील असतात. २०२३ च्या अंकीय वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमाने अठरा वर्षांखालील व्यक्तीस बालक मानले आहे व तिच्या माहितीच्या वापरासाठी पालकांची पडताळण्याजोगी संमती आवश्यक केली आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून मुख्य तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू व्हावयाच्या आहेत. शिक्षणसंस्थांस त्यांच्या शैक्षणिक कामकाजापुरत्या काही सवलती आहेत. परंतु प्रवेशाच्या जाहिरातीत वापरलेले सतरा वर्षांच्या धावपटूचे छायाचित्र त्या सवलतींत बसते, असे मानणे आम्हांस कठीण वाटते. प्रमाणपत्राच्या प्रतीत जन्मदिनांक, पित्याचे नाव व कधी निवासाचा पत्ताही छापलेला असतो, आणि ती प्रत पडताळणीसाठी म्हणून साऱ्या जगापुढे उघडी ठेवलेली असते. दप्तराने दुकानाच्या दर्शनी भागात येऊन बसण्याचा हा परिणाम आहे.

या विषयावर काम करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांनी पसंतीचे अंगठे मोजण्यापासून आरंभ करू नये. ठाणे ते कल्याण या पट्ट्यातील चार-पाच महाविद्यालये घ्यावीत व एका हंगामातील प्रत्येक सामना घेऊन काही साध्या गोष्टी टिपाव्यात: सूचना सामन्याआधी आली की नंतर, ती कोणास उद्देशून होती, पराभवाची नोंद झाली की नाही, छायाचित्रात मध्यभागी कोण आहे, खेळाडूची नावे दिली आहेत की केवळ ‘आमचा विजयी संघ’ असे म्हटले आहे, आणि अठरा वर्षांखालील खेळाडूच्या पालकांस कोणी विचारले होते काय. जिमखाना अहवालांचे जुने अंक ग्रंथालयांत असतील तर तेच प्रश्न त्यांसही लावून पाहावेत. खात्याची किल्ली कोणाकडे आहे, हे मात्र प्रत्यक्ष जिमखान्यात जाऊनच विचारावे लागेल.